सांगली आणि धारवाड एका फळीवर मांडा : प्रसार भारतीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
प्रसार भारती, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

मी निपाणीचा. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक, मातृभाषा मराठी. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याला ३८ वर्षं झाली. हल्ली महिन्याला दोन-तीनच रेडिओ येतात. बाकी मिक्सर, इस्त्री, मोबाइलची चार्जिंग पिन आणि फ्री डिशच्या छत्र्या. तरी बाजारात ओळख अजून 'रेडिओवाला' हीच आहे. त्या नात्याने, आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या तुम्हाला चार शब्द लिहायचा हक्क आहे असं धरून चालतो.

आमच्याकडे सेट नीट दुरुस्त झाला की नाही हे बघायची एक पद्धत आहे. आकाशवाणीची सांगली १२५१ वर लागते. ती कसल्याही डबड्यावर लागते, तिच्यावरून काही कळत नाही. खरी परीक्षा डायलच्या दुसऱ्या बाजूला. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर आणि पुणे ७९२ वर, मध्ये फक्त दोन स्टेशनांपुरती जागा. धारवाडचा आवाज दणदणीत, पुणं लांबचं आणि बारीक. स्टेशनं एकमेकांपासून वेगळी काढणारी आय.एफ. कॉइल जरा जरी हललेली असली तरी पुणं लावलं की धारवाड आत घुसतं. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या चालू आणि त्यांच्या बुडाशी कुठलंतरी कन्नड भावगीत. गिऱ्हाईक म्हणतं, "ते धारवाड काढा हो तेवढं." मी बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन कॉइल जुळवतो. दोन मिनिटांचं काम. कन्नड गिऱ्हाइकाची तक्रार नेमकी उलटी असते, रात्री धारवाडच्या मागे मराठी कुजबुजतं म्हणून. त्यालाही तोच स्क्रू.

हे सगळं आता सांगायचं कारण ऑगस्ट २०१९ चा पूर.

त्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. माझी धाकटी बहीण दूधगंगेकाठी दिलेली आहे. तिच्याकडे लाइट गेली, मग टॉवरची बॅटरी संपली, मग फोन बंद. लोकांनी माळ्यावरचे, कपाटामागचे, देव्हाऱ्याशेजारचे रेडिओ बाहेर काढले आणि माझ्याकडे रांग लागली. कुणाला मोठे सेल हवे, कुणाचा बँडस्विच गंजलेला, कुणाच्या डायलची दोरी तुटलेली. दोन दिवस मी जेवायला घरी गेलो नाही.

फळीवर दोन सेट मांडून ठेवले होते. एकावर मराठी केंद्र, दुसऱ्यावर कन्नड. मराठीवर धरणांची माहिती येत होती. काळम्मावाडीतून किती क्यूसेक सोडलं, राजापूर बंधाऱ्याला पातळी किती. कन्नडवर चिक्कोडी, निपाणीकडचे कुठले पूल पाण्याखाली गेले, कल्लोळ-येडूर बंधाऱ्याचं काय झालं, माणसांची सोय कुठल्या शाळेत केली, हे येत होतं. दोन्ही केंद्रांनी आपापलं काम चोख केलं, त्यात मी खोट काढणार नाही. पण पाणी वरून मराठीत येत होतं आणि खाली कन्नडमध्ये पसरत होतं. दोन्ही ऐकल्याशिवाय माणसाला जनावरं कधी सोडायची आणि कुठल्या वाटेने न्यायची हे कळत नव्हतं. मला कन्नड बोलता येतं, ऐकलेलं बरचसं कळतं, वाचता येत नाही. शेजारच्या भुसारी दुकानातले अण्णा गोकाककडचे. त्यांना मराठी माझ्या कन्नडइतकंच. दर बातमीला अण्णा मला आणि मी अण्णांना, आणि आम्ही दोघं मिळून रांगेतल्या लोकांना सांगत होतो.

त्यात एक प्रकार झाला. कन्नड बातम्यांत सारखं 'गंजी केंद्र' यायचं. कन्नडमध्ये गंजी म्हणजे पेज. पूरग्रस्तांच्या जेवणाखाणाची जिथे सोय, ते गंजी केंद्र. आमच्याकडे गंजी म्हणजे कडब्याची. नदीकाठच्या एका म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि सरकारने वैरणीची सोय केली असं समजून दोन म्हशी घेऊन मांडीएवढ्या पाण्यातून शाळेत पोचला. तिथे भात शिजत होता. म्हशी शाळेच्या व्हरांड्यात बांधल्या, मास्तरांनी आरडाओरडा केला, शेवटी कुणीतरी उसाचं वाडं आणून टाकलं. पुढे तो माझ्याकडे सेल न्यायला आला तेव्हा सांगून सांगून हसत होता. मीही हसलो. पण मांडीएवढं पाणी कमरेएवढं असतं तर हसायला तो आला नसता.

आता तुम्हाला विचारायचं ते हे. त्या दोन दिवसांत मी आणि अण्णांनी फळीवर जे केलं, ते काम कुणाचं?

तुमचा कायदा मी मुलीकडून मोबाइलवर काढून घेतला आणि अडलं तिथे ओळखीच्या वकिलांना विचारलं. कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ मध्ये. त्याचं कलम १२ सगळ्यांनी एकदा वाचावं इतकं चांगलं आहे. सार्वजनिक हिताच्या सगळ्या गोष्टींची माहिती नागरिकाला मोकळेपणाने, खरी आणि वस्तुनिष्ठ मिळावी हा त्याचा हक्क तुम्ही जपायचा. एकमेकांविरुद्धची मतंही समोर ठेवायची, पण स्वतःचं मत किंवा विचारसरणी पुढे रेटायची नाही. निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेशी जागा द्यायची. खेड्यापाड्यांतल्या, दुबळ्या आणि सीमाप्रदेशातल्या लोकांची सेवा करायची. अल्पसंख्याकांच्या गरजा ओळखून कार्यक्रम करायचे. प्रत्येक राज्यात त्या राज्याच्या भाषांमधून प्रादेशिक सेवा पोचेल असं बघायचं. 'भाषांमधून' हे अनेकवचन आहे, मी वकिलांना दोनदा विचारून घेतलं. सीमाप्रदेशावर ते हसले. म्हणाले, तो पाकिस्तान-चीनच्या कडेचा, तुमचा नव्हे. असेलही. पण कायद्यात तसं लिहिलेलं नाही, आणि पुराच्या दिवशी यमगर्णीचा पूल आम्हाला कुठल्याही सरहद्दीइतकाच लांब होता.

हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून चाललेल्या खटल्यात सांगून टाकलं. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी आमच्या आहेत हे मला पटायला निकाल लागत नाही. माझ्या वडिलांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक अजून घरात आहे. दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते लायसन्स बंद झालं. त्या पुस्तकात नाव होतं, पत्ता होता, सेटचा मेक होता. भाषेचा रकाना नव्हता.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांना माहीत असते, बाहेर फारशी नसते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. म्हणजे रेडिओवर बातमी सांगायचा मक्ता अख्ख्या देशात तुमच्या एकट्याकडे. एक पेपर नाही पटला तर माणूस दुसरा घेतो, एक चॅनल नाही आवडला तर रिमोट दाबतो. रेडिओच्या बातमीला दुसरं दुकानच नाही. आणि ज्याच्याकडे मक्ता, त्याच्या तराजूकडे लोक जास्त बारकाईने बघणारच.

निःपक्षपातीपणा म्हटलं की दिल्लीत काय डोळ्यांसमोर येतं मला ठाऊक नाही. बहुतेक सत्ताधारी आणि विरोधक, दोघांना किती किती मिनिटं. एप्रिल २०२४ मध्ये डीडी न्यूजचं बोधचिन्ह लालाचं केशरी झालं तेव्हाही वाद झाला तो त्याच अंगाने. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. आमच्याकडचा तराजू वेगळा आहे. धारवाडने कर्नाटकाचं सांगायचं, सांगलीने महाराष्ट्राचं, टीव्हीवर चंदनाने तिकडचं, सह्याद्रीने इकडचं, की झाला समतोल, असं लांबून वाटू शकतं. पण तो समतोल कुणाच्या घरात होतो? सांगली ऐकणारा धारवाड ऐकत नाही, धारवाड ऐकणारा सांगली ऐकत नाही. फ्री डिशच्या एकाच छत्रीतून चंदना आणि सह्याद्री दोन्ही उतरतात. छत्री मीच बसवतो. वर्षभराने सिग्नल बघायला गेलो की रिमोटवर कुठली बटणं घासलीत हे मला दिसतं. प्रत्येक घरात एकाच बाजूची घासलेली असतात. दोन अर्ध्या बातम्या दोन वेगळ्या घरांत गेल्या तर त्यांची एक पूर्ण बातमी होत नाही.

शिवाय या हिशेबात बाजू दोन राज्यांच्या झाल्या. ज्याच्या अंगणातून रेघ जाते त्याची बाजू कुठे आहे? म्हादईचंच घ्या. ती खानापूर तालुक्यातल्या जंगलात उगम पावते आणि गोव्यात जाते. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये वाटप ठरवलं, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळाले. गोव्याचं म्हणणं, कर्नाटकाचं म्हणणं, महाराष्ट्राचं म्हणणं वर्षानुवर्षं ऐकून मला पाठ झालंय. ज्या कणकुंबीत कळसा कालव्याचं काम झालं, मलप्रभा जिथे उगम पावते, तिथल्या माणसांना काय वाटतं हे मला त्याच जिल्ह्यात राहून माहीत नाही. त्यांच्या बोलीत त्यांना कुणी विचारल्याचं माझ्या कानावर तरी आलेलं नाही. पणजी, बंगळूर आणि मुंबई अशा तीन बाजू झाल्या, चौथ्या बाजूला नुसता पाऊस पडतो.

आम्ही बातमीत येतच नाही असं नाही. येतो. १ नोव्हेंबरला येतो, १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला येतो, बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन भरलं की येतो. एका वर्षी एका वाहिनीची माणसं दुकानासमोर गाडी लावून उतरली. सरकारी की खासगी ते लिहीत नाही, तसं बघायला गेलं तर सगळ्यांची तऱ्हा एकच. माझ्यापुढे माईक धरला. मी म्हटलं, आमच्या लाइनीवरचा ट्रान्सफॉर्मर तीन महिन्यांत दोनदा जळाला. मुलीचा अर्ज कन्नडमध्ये भरायला दुसऱ्याच्या पाया पडावं लागतं. पण तिच्या कन्नडच्या बाई फार चांगल्या आहेत, रविवारी घरी बोलावून शिकवतात. दहाएक मिनिटं बोललो असेन. माईकवाला पोरगा मधूनच म्हणाला, "काका, ते सीमाप्रश्नाचं सांगा ना." रात्री बघितलं तर माझं तोंड हलतंय, आवाज नाही, आणि मागून घोषणा ऐकू येतायत. त्या घोषणा आमच्या गल्लीतल्यासुद्धा नव्हत्या. कन्नडच्या बाईंचं तेवढं तरी ठेवायला हवं होतं.

प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्हाला न विचारता आमचं राज्य बदललं. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव कर्नाटकात ठेवायला सांगितलं, आमची निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यायला सांगितलं. कर्नाटकाला अहवाल मान्य, महाराष्ट्राला अमान्य. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे जे व्हायचं ते होईल. तोवर आम्ही रोज सकाळी उठतो, दुकान उघडतो, दूध घालतो, ऊस तोडतो, पोरांना शाळेत धाडतो. वर्षाचे दोन-चार दिवस आम्ही वाद असतो आणि उरलेले दिवस कुणीच नसतो. पक्षपात दर वेळी खोटं बोलूनच होतो असं नाही. एखाद्या माणसाला फक्त भांडतानाच दाखवत राहिलं तरी तो होतो.

शब्दांचं तर विचारूच नका. एक जण बेळगाव म्हणाला की दुसरा कान टवकारतो, बेळगावी म्हटलं की पहिला. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, मराठी तोंडात बेळगाव आहे, दोन्ही खरं आहे. तोच दिवस आमच्यातल्या पुष्कळांना काळा दिन आणि अण्णांना राज्योत्सव. त्या दिवशी अण्णा मला पेढा देतात, मी तो दुकान बंद असताना मागच्या दाराने खातो. बातमी लिहिणाऱ्याने कुठला शब्द वापरायचा? मला वाटतं, दोन्ही वापरावेत आणि कोण काय म्हणतं तेही सांगावं. त्याला पाच सेकंद जास्त लागतात.

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा जवळजवळ ४७ लाख ८० हजारांचा. शंभरातले सुमारे ६८ कन्नड, १८-१९ मराठी, दहाएक उर्दू. हे आकडे जिल्ह्याचे. निपाणी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत मराठी माणूस यापेक्षा कितीतरी दाट. पण आकड्यांनीही खरं चित्र येत नाही. आमच्या इथल्या तंबाखूच्या वखारीत जाऊन बसा. बायका मोजतात कन्नडमध्ये, भांडतात मराठीत, आणि मुकादमाची नक्कल करतात ती दखनीत. यातली कुठली भाषा त्यांची हे जनगणनेवाल्याने विचारलं तर काहीतरी एक सांगतात. तुमच्या बातम्यांतली मराठी पुण्याची. ती शुद्ध आहे, गोड आहे, आम्हाला कळते. पण "काय करालायस?" असं रेडिओने कधी आम्हाला विचारलेलं नाही. अण्णांचंही तेच गाऱ्हाणं आहे. बंगळूरकडची माणसं बोलायला लागली की ते म्हणतात, आमच्याकडं 'बर्री' म्हणतात, हे 'बन्नि' कुठून आलं. विविधता म्हणजे प्रजासत्ताकदिनाला फेटे आणि लेझीम, एवढ्यावर भागत नसावं.

कलाकारांच्या बाबतीत तुमच्या खात्याला हे सगळं फार आधी जमलेलं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कन्नड घरातले. मराठी माणसाने त्यांना परकं कधी मानलं? भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि कन्नड दासपदं एकाच गळ्यातून आली, आणि रेडिओने ती वाजवताना हा गळा कुठल्या राज्याचा हे विचारलं नाही. धारवाड केंद्र १९५० मध्ये सुरू झालं तेव्हा धारवाड आणि बेळगाव दोन्ही मुंबई राज्यात होते. आकाशवाणी हा शब्दसुद्धा म्हैसूरच्या एका प्राध्यापकाने आपल्या खासगी रेडिओला दिलेल्या नावावरून आला. मराठी माणूस तो संस्कृत म्हणून बोलतो, कन्नड माणूस आपला म्हणून बोलतो, आणि दोघांचं बरोबर आहे.

म्हणजे एका केंद्रावर दोन भाषा नांदू शकतात का, हा प्रश्नच नाही. तुमचं पणजी केंद्र कोकणी आणि मराठी दोन्ही चालवतं, आणि गोव्यात भाषेवरून काही कमी रान पेटलेलं नव्हतं. परदेशातलंही एक उदाहरण मुलीने वाचून दाखवलं. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा भाग आहे, त्यांची भाषा वेगळी. वेल्श वाहिनीचं दिलेलं वचन सरकारने फिरवलं तेव्हा १९८० मध्ये त्यांच्या एका पुढाऱ्याने, ग्विनफोर इव्हान्स यांनी, आमरण उपोषणाची घोषणा केली. थॅचरबाईंच्या सरकारला माघार घ्यावी लागली. ती वाहिनी सुरू झाली तो दिवस १ नोव्हेंबर १९८२. तारीख ऐकून मी मुलीला पुन्हा वाचायला लावलं.

आम्हाला वाहिनी नको, उपोषणही करायचं नाही, मला शुगर आहे. मागणं लहान आहे. धारवाड आणि सांगली या तुमच्याच दोन केंद्रांनी मिळून रोज अर्धा तास करावा. दोन्हीकडून एकाच वेळी लागावा, अर्धा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये, तीच माहिती दोन्हीत. त्यात बाजारभाव, नद्यांच्या पातळ्या, नोकरभरतीच्या तारखा, दवाखाने, बस, आणि गावातलं काय असेल ते. कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला मराठी साहित्य संमेलनं भरतात. खेडेगावात भर थंडीत हजारभर माणसं मांडवात बसून कविता ऐकतात. ते कन्नड माणसालाही कळू दे. आणि कित्तूरकडे काय चाललंय ते आम्हाला. तुमचे जिल्ह्याजिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर असतात. सीमेवरच्या तालुक्यांना दोन्ही भाषा बोलणारा माणूस द्या. इथे अशी माणसं शोधावी लागत नाहीत, बसस्टँडवर उभे राहा, सापडतील. आणि जूनपासून पाऊस थांबेपर्यंत धरणाचा विसर्ग आणि बंद झालेले पूल एका दमात, गावाचं नाव घेऊन, दोन्ही भाषांत, तासातासाला सांगा. 'गंजी केंद्र' म्हणालात की लगेच 'म्हणजे जेवणाची सोय' हे तीन शब्द जोडा.

हीच सोय जत आणि अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही मिळाली पाहिजे. तो महाराष्ट्रात आहे आणि त्याची पोरं कन्नड शाळेत जातात. त्याचं नाव न घेता मी फक्त आमचं मागितलं तर हे पत्र फाडून टाका.

हे वाचून आमच्यातलेही काही रागावतील. दुकानात धारवाड लावलं म्हणून मला "कधी बदललास?" असं विचारणारे आहेत. सांगली लावलं म्हणून पोरांनी एकदा काउंटरवर हात आपटला तेही आहे. त्या अर्ध्या तासावर आमचे पुढारी टपून बसतील, हेही मला माहीत आहे. त्यांना देऊ नका. आमच्याही नको, त्यांच्याही नको. मंत्र्यांची उद्घाटनं नकोत. पुढाऱ्यांना बोलायला उरलेले साडेतेवीस तास आहेत.

पैसे नाहीत असं म्हणाल. आकाशवाणी २३ भाषा आणि १७९ बोलींत बोलते असं तुम्हीच सांगता, त्यात दोन केंद्रांचा एक टेबल वाढला तर खजिना रिकामा होणार नाही. सगळं ॲपवर आहे असंही म्हणाल. आहे. २०२४ मध्ये तुम्ही वेव्हज काढलं, त्याआधीचं न्यूजऑनएअर माझ्या फोनमध्ये आहे, दोन्ही चांगली. पण टॉवर बंद पडला की ॲप काय करणार? त्या दोन दिवसांत जे चाललं ते मीडियम वेव्ह आणि दोन पेन्सिल सेल. देशात मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर एकेक करून बंद होतायत हे आम्हाला दिसतं. यंत्रं जुनी झाली, वीज खातात, सगळं मान्य. पण नदीकाठावर ऐकू येणारा ट्रान्समीटर बंद करायच्या आधी त्याच्या जागी काय ठेवताय ते सांगा, आणि पावसाळ्यात तरी हात लावू नका.

तुमच्या कायद्याच्या कलम १४ मध्ये श्रोत्यांच्या तक्रारी ऐकायला एक प्रसारण परिषद सांगितलेली आहे. ती कुठे बसते, तिला पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचं, एवढं कळवलंत तरी पुढचं पत्र तिकडे पाठवीन. तुम्हाला त्रास देणार नाही.

कुणी अधिकारी इकडे आलेच तर दुकानात जरूर यावं. बाजाराच्या दिवशी येऊ नका, बोलायला सवड नसते. दोन्ही सेट अजून त्याच फळीवर आहेत. पुणं लावून धारवाड कसं घुसतं ते दाखवीन, चहा अण्णांकडून येईल.

आपला,
एक रेडिओवाला
निपाणी, जि. बेळगाव

ता. क. : पत्राचं कन्नड अण्णांनी केलं आहे, सोबत जोडतो. एका वाक्यावर आमचं एकमत झालं नाही. रात्री साडेदहापर्यंत वाद घातला. शेवटी मी माझ्यात ते तसंच ठेवलं आणि त्यांनी त्यांच्यात त्यांच्या मनासारखं लिहिलं. कुठलं वाक्य ते सांगत नाही. तुमच्या कार्यालयात दोन्ही भाषा वाचणारा कुणी असेल तर त्याला पाच मिनिटांत सापडेल.